शिष्यवृत्ती : एका शब्दाचे दोन अर्थ



'शिष्यवृत्ती' हा शब्द तुम्ही अर्जावर अनेकदा लिहिला असेल. शब्द म्हणून मात्र त्याच्याकडे क्वचितच पाहिले असेल. 'वृत्ती' म्हणजे उपजीविकेचे साधन. 'वृत्ती' म्हणजे मनाचा कल, स्वभावधर्म. जोशाची वृत्ती आणि अभ्यासू वृत्ती या दोहोंत शब्द एकच आहे. शिष्यवृत्ती हे शिष्याच्या निर्वाहाचे साधन आहे, तशीच ती शिष्याच्या मनाची ठेवणही आहे. कोशात हे दोन अर्थ मी पुष्कळ उशिरा पाहिले. त्याआधी ते मला जगण्यातून उमगले होते.

माझे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडणीला जात आणि उन्हाळ्यात परतत. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, म्हणून वडील तलाठ्यासमोर उभे राहिले. "वार्षिक उत्पन्न किती?" या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यांना देता येईना. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हे उत्पन्न समजावे की कर्ज? त्या पैशातून आजीचे औषधपाणी कधीच होऊन गेले होते आणि ती फेडण्याचे श्रम अजून व्हायचे होते. शेवटी एक आकडा लिहिला गेला. आपले दारिद्र्य दोन रकान्यांत बसवून त्यावर शिक्का मारून घेताना वडिलांची मान किंचित खाली गेली होती. तुमच्यापैकी अनेकांनी आपल्या घरात असा क्षण पाहिला असेल.

अर्ज मंजूर झाला. पण शुल्क, पुस्तके आणि खानावळ यांची गरज जूनमध्ये सुरू होते आणि पैसे आले ते मार्चमध्ये. या मधल्या नऊ महिन्यांचा उल्लेख कोणत्याही शासननिर्णयात नसतो. महाविद्यालयाने शुल्क येईपर्यंत माझी गुणपत्रिका अडवून ठेवली. शहरातल्या एका खानावळवाल्या मावशींनी मात्र माझे ताट कधी अडवले नाही. त्यांच्या वहीत माझ्यासारख्या सात-आठ मुलांची नावे होती. "स्कॉलरशिप आली की दे," एवढाच त्यांचा करार. पैसे हाती आले त्या दिवशी मी हिशेब चुकता केला. त्यांनी माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "आता नवीन पान लावते." शासनाची मदत विद्यार्थ्यापर्यंत पोहोचेपर्यंत तिचा भार अशा कितीतरी अनाम माणसांनी उचललेला असतो, हे मला त्या वहीने शिकवले.

या मदतीला मोठा इतिहास आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या संस्थानाने भीमराव आंबेडकर या तरुणाला कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, अशी अट होती. १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा या विद्वान अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला कोणी जागा दिली नाही आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. शिष्यवृत्तीने विद्यापीठाचे दार उघडले होते. घराचे दार उघडणे समाजाच्या हाती होते आणि समाजाने ते बंदच ठेवले. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्यामागे त्यांचा आग्रह होता. एका राजाच्या औदार्यातून एका विद्यार्थ्याला जे लाभले, ते आता नियमाने अनेकांना मिळू लागले. औदार्य आणि हक्क यांतील हे अंतर ध्यानात घ्या. औदार्याला देणाऱ्याची मर्जी लागते, हक्काला पात्रता पुरते.

महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना शुल्कमाफी मिळाली. 'ईबीसी' ही तीन अक्षरे त्यानंतरच्या पिढ्यांच्या तोंडी रुळली आणि खेड्यापाड्यांतील असंख्य मुले पदवीधर झाली. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ झाले आहे. अर्ज आता महाडीबीटी संकेतस्थळावर भरला जातो आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. तलाठ्यापुढील रांग सेवा केंद्रापुढे सरकली आहे. दरवर्षी नूतनीकरणाची धास्ती आणि मधल्या महिन्यांची ओढाताण मात्र पुष्कळांच्या वाट्याला अजून येते. म्हणून मुदत पाहून अर्ज करा, कागदपत्रांच्या प्रती जपून ठेवा आणि अर्ज का अडला हे विचारायला संकोच करू नका. विचारणे ही याचना नव्हे.

शिष्यवृत्ती हा हक्क असेल, तर ती घेणाऱ्यावर ऋण उरते काय? माझ्या मते उरते. पण ते देणाऱ्या कार्यालयाचे नसते. ज्या करांतून ही रक्कम उभी राहते, त्यांत मीठ-मिरची खरेदी करतानाही काही ना काही भरणारा मजूर आहे. ज्याचे मूल महाविद्यालयात पोहोचलेच नाही, त्याचाही वाटा त्यात आहे. हे ऋण पैशाने फिटत नाही. ते दुसऱ्या अर्थाच्या 'वृत्ती'ने फिटते.

तुमच्यापैकी कोणी दिवसभर दुकानात उभे राहून रात्री ही पुस्तिका उघडत असेल. कोणी मुलांना निजवून, कोणी पाणी सोडायला रात्रपाळीने शेतावर जाण्याआधी. तुमच्या नावे शिष्यवृत्ती मंजूर होवो वा न होवो, ही दुसरी शिष्यवृत्ती कोणत्याही अर्जावाचून तुमच्यापाशी आहे. शेजारच्या एखाद्या मुलीला अर्जातला एक रकाना समजावून सांगा, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी निघालेल्या कोणा बापासोबत तहसील कार्यालयापर्यंत जा. त्याची मान खाली जाणार नाही, एवढे पाहा.