सहलींची खतावणी

दिवाळीतल्या पाडव्याच्या सकाळी, पेठेतील व्यापारी आपापल्या नव्या चोपड्यांना हळदकुंकू वाहत असतात त्या सुमारास, मीही आमच्या बैठकीच्या खोलीतील जुन्या शिसवी मेजावर लाल कापडी बांधणीची एक लांब वही उघडून ठेवते. फरक एवढाच, की जमाखर्चाच्या रकमांऐवजी, पुढल्या वर्षभरात कोणत्या तिथीला, कोणत्या घरी, कोणत्या प्रवासाविषयी काय लिहून धाडावयाचे, याची तजवीज तिच्या पानांवर मांडलेली असते. साताऱ्यातील आमच्या घराच्या याच खोलीत गेली चौदा वर्षे माझा सहलींचा व्यवसाय चालतो. हमरस्त्यावर दुकान नाही, दारावर पाटी नाही, हाताखाली कारकून नाही. एक संगणक, एक फोन, भिंतीवरचे कालनिर्णय आणि ही वही, एवढ्याच सरंजामावर दरसाल शे-दीडशे माणसे काशी, केदार, केरळ, काश्मीर पाहून सुखरूप घरी परततात.

आरंभीची तीन वर्षे ही वही नव्हती. सहलीच्या दहा-बारा जागा रिकाम्या राहिल्या की घाईघाईने एक पत्रक लिहावे, त्यात सवलतीचा आकडा ठळक अक्षरांत घालावा आणि ओळखीच्या यच्चयावत माणसांच्या फोनवर ते पाठवून द्यावे, असा माझा शिरस्ता होता. एका वर्षी अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधी मी चारधाम यात्रेचे पत्रक धाडले. दुसऱ्याच दिवशी बाजारात एक सेवानिवृत्त शिक्षक भेटले. माझ्याविषयी आपुलकी बाळगणारे गृहस्थ, अत्यंत संकोचाने म्हणाले, “वहिनी, तुमचा कागद मिळाला. पण आम्ही माघातच दुसरीकडं पैसे भरले हो. आता तर स्वेटर-कानटोप्यांची खरेदीसुद्धा झाली. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत, म्हटलं या वर्षी नेत नसाल.”

त्या रात्री मी तीन वर्षांची कीर्द काढून नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा ध्यानात आले ते असे, की माझी पत्रके बहुधा चैत्र-वैशाखात निघत आणि लोक आपले बेत माघ-फाल्गुनातच कायम करून मोकळे झालेले असत. याला सबळ कारण आहे. बदरीनाथाची कपाटे कोणत्या दिवशी उघडावयाची, हे वसंत पंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात ठरते; केदारनाथाचा दिवस महाशिवरात्रीला उखीमठाच्या ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होतो; गंगोत्री व यमुनोत्री परंपरेने अक्षय्य तृतीयेला उघडतात. ज्याच्या मनात यात्रा आहे तो मनुष्य या बातम्यांकडे कान लावून बसलेला असतो, रजेचा अर्ज करतो, मुलाकडून पैशांची तरतूद करून घेतो. आणि हे सर्व चालू असता मी मात्र मूग गिळून बसलेली असे. यात्रेकरूचा प्रवास गाडीत पाऊल टाकण्याच्या तीन-चार महिने आधी सुरू होतो, आणि त्या तीन-चार महिन्यांत त्याला उपयोगी पडेल असे काही मी लिहिले नाही, तर ऐन वेळच्या सवलतीचे त्याला काय होय?

वर्षाची आखणी करावी हे अशा रीतीने मनाने घेतले. परंतु ती कशाच्या आधारे करावी, हे शिकवले ते सासूबाईंनी. मी इंग्रजी महिन्यांचे कोष्टक आखून, जानेवारीत हे आणि मेमध्ये ते, अशी विभागणी करीत बसले होते. सासूबाई शेजारी वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, मेमध्ये लग्नाचे मुहूर्त किती आहेत ते आधी बघ. ज्याच्या दारात मांडव, तो कुठला जातोय काशीला?” मी उठून भिंतीवरचे कालनिर्णय काढून आणले. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेली ही दिनदर्शिका आमच्या घरात माझ्या लग्नाच्याही आधीपासून आहे. पण तिच्याकडे व्यवसायाच्या दृष्टीने मी त्या दिवशी प्रथम पाहिले. पुढल्या बाजूस तिथी, सण, मुहूर्त, आणि पानाच्या पाठीमागे लेख, पाककृती, उपयुक्त माहिती! महिना उलटला तरी ते पान फाडून टाकावेसे वाटत नाही. आपला मजकूरही असाच ठेवून घेण्याजोगा असावा, ही इच्छा त्या क्षणी मनात उपजली आणि पुढे तिनेच माझ्या सगळ्या लेखनाला वळण दिले.

तिथींचा आधार घ्यावयाचा म्हणजे गतवर्षीची वही जशीच्या तशी उतरून भागत नाही. अक्षय्य तृतीया २०२४ साली १० मे रोजी आली, २०२५ साली ३० एप्रिलला, आणि येत्या २०२६ साली ती १९ एप्रिलला आहे. म्हणजे दोन वर्षांत तब्बल तीन आठवड्यांचा फरक. त्यातच २०२६ मध्ये १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात पुष्कळ घरांतून लग्नकार्ये निघत नाहीत, शाळांना सुट्टी असते, आणि अधिक मासातील तीर्थयात्रेचे माहात्म्य आपल्या लोकांच्या मनात खोल रुजलेले आहे. जो एजंट केवळ मे महिना म्हणजे सुट्टीचा महिना एवढेच जाणतो, त्याला हा योग दिसणार नाही; माझ्या वहीत तो गेल्या आषाढातच लाल शाईने नोंदला गेला आहे.

रेल्वेच्या एका हुकुमाने ही आखणी एकदा मुळापासून बदलावी लागली. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. पूर्वी मे महिन्याच्या प्रवासासाठी जानेवारीत “तिकिटे काढून घ्या” असा निरोप मी देत असे. आता १० मेच्या गाडीचे आरक्षण ११ मार्चला सकाळी आठ वाजता खुले होते. साताऱ्यावरून दिल्लीकडे जाणारी गोवा एक्सप्रेस ही आम्हांला मोठी सोय, आणि सुट्टीच्या दिवसांत तिच्या जागा पाहता पाहता संपतात. तेव्हा मार्चच्या पानावर आरक्षणाची तारीख, वार, वेळ आणि जवळ ठेवावयाचे ओळखपत्र एवढाच चार ओळींचा मजकूर मी घालते. माझ्यासोबत न येणाऱ्या कुटुंबांनाही तो जातो. त्यांपैकी कित्येकजण स्वतःची तिकिटे स्वतःच काढतात, माझ्याकडे एक रुपयाही येत नाही. तरीही तो निरोप चुकवू नये, असे माझे ठाम मत आहे.

एका यात्रेच्या निमित्ताने कोणता मजकूर केव्हा जावा, याचा विचार करता करता केदारनाथासाठी चार पत्रांचा क्रम आता पक्का झाला आहे. गौरीकुंडापासून मंदिरापर्यंत सुमारे सोळा किलोमीटरची चढण, मंदिराची उंची साडेतीन हजार मीटरांहून अधिक, आणि माझे यात्रेकरू बहुतांशी साठीच्या घरातले. म्हणून माघातले पहिले पत्र भाड्याविषयी किंवा हॉटेलाविषयी नसतेच. त्यात लिहिलेले असते: “उद्यापासून रोज अर्धा तास चालावे. पंधरवड्यानंतर आठवड्यातून तीन दिवस अजिंक्यतारा चढावा. दम लागला तर थांबावे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.” फाल्गुनातले दुसरे पत्र डॉक्टरांच्या तपासणीचे व चालू असलेल्या औषधांच्या यादीचे. तिसरे उत्तराखंड शासनाच्या सक्तीच्या नोंदणीचे. चैत्रातले चौथे पोतडीत काय भरावे आणि काय घरी ठेवावे, याचे. दरपत्रक मागेल त्याला मिळते, आणि चार पत्रे वाचलेला मनुष्य ते आपण होऊन मागतो. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर, हातात काठी आणि गळ्यात मफलर अशा माझ्या यादीतील चार-सहा मंडळींची गाठ पडते, तेव्हा आपला मजकूर वाचला जातो याचा याहून मोठा पुरावा मला नको असतो.

दहावीच्या मुलामुलींच्या घरी फेब्रुवारीत काहीही पाठवू नये, हा वहीतला आणखी एक नियम; श्रीनगरच्या ट्यूलिप बागेचा बहर मार्चअखेर सुरू होतो हे खरे, पण ती गोष्ट त्या आईबापांना दिवाळीच्या सुट्टीतच सांगून ठेवावी.

पितृपक्षाचे काय करावे, हा प्रश्न मला फार दिवस सुटला नव्हता. त्या पंधरवड्यात नव्या गोष्टीचा आरंभ लोक टाळतात, आगाऊ रक्कम तर कोणीच देत नाही. आता त्या दिवसांत मी काही विकतच नाही. गयेला किंवा त्र्यंबकेश्वरी जाणाऱ्यांना मार्गाची माहिती देते, आणि इतरांना लिहिते की कपाटातून पासपोर्ट काढून त्याची मुदत पाहा, कारण पुष्कळ देश प्रवासाच्या तारखेपासून पुढे सहा महिने मुदत शिल्लक असल्याखेरीज प्रवेश देत नाहीत. बसल्या जागी होणारे हे काम; त्यासाठी मुहूर्त लागत नाही. एका वर्षी या पत्रामुळे तीन घरांतील पासपोर्ट वेळेवर नवे झाले.

पावसाळ्याची पाने लिहिताना मला विशेष आनंद होतो. आषाढात वारी चालू असते, शेतांत लावणी असते, सहली जवळजवळ बंद पडतात. आणि भाद्रपदाच्या सुमारास आमच्या गावापासून पंचवीस किलोमीटरांवरचे कासचे पठार फुलू लागते. जांभ्या खडकावर मातीचा पातळसा थर, आणि त्यावर तेरड्याची गुलाबी, सोनकीची पिवळी, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी चादर! ओणवे होऊन पाहिले तर, तांबूस केसांच्या टोकांवर चिकट थेंब मिरवीत कीटकांची वाट पाहणारे दवबिंदूचे इवलेसे रोपही दिसते. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारशात स्थान मिळाले, त्यात कासही आहे. कासच्या सहलीत मला काहीच सुटत नाही, कारण सातारकर आपापल्या वाहनाने जातात. पण दर वर्षी मी कोणती फुले उमलली, ऊन कधी पडते, रविवार टाळून मधल्या वारी जाणे का बरे, आणि आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकल्याने त्या पातळ मातीचे काय होते, हे सविस्तर लिहिते. मुंबई-पुण्यास स्थायिक झालेले सातारकर ते पत्र एकमेकांना धाडतात. डोंबिवलीच्या एका कुटुंबाने मला प्रथम ओळखले ते याच पत्रातून, आणि पुढे त्यांच्या तीन पिढ्या माझ्यासोबत रामेश्वरला आल्या.

एका वर्षी कामाचा भार वाढला म्हणून हे सगळे लेखन मी बाहेरच्या एका संस्थेकडे सोपवले होते. महिन्याकाठी ठरलेली रक्कम द्यावी आणि त्यांनी रोज एक सजवलेले चित्र व शुभेच्छांचा मजकूर पाठवावा, असा करार झाला. एकच हिमशिखर तीन निरनिराळ्या एजंटांच्या नावांखाली एकाच सकाळी लोकांच्या फोनवर पोहोचले, तेव्हाही मी गप्प राहिले. परंतु त्याच संस्थेच्या यादीतून मार्गशीर्षात लग्नाच्या वाढदिवसाचे अभीष्टचिंतन एका काकूंच्या फोनवर गेले, त्यांच्या यजमानांचे व त्यांचे नाव एकत्र घालून, “या वर्षी दोघांनी कुठे जायचे?” असा प्रश्न विचारून. काका आश्विनात गेले होते. मी स्वतः त्यांच्या दारी समाचाराला जाऊन आले होते, आणि यादीतले नाव बदलावयाचे माझ्या हातून राहिले होते.

कळल्याबरोबर मी त्यांच्या घरी गेले. क्षमा मागताना माझा कंठ दाटून आला. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाल्या, “अगं, रडतेस काय? ते पत्र मी पुसलं नाही. त्यांचं नाव लिहून आता कोण पाठवणार आहे मला काही?” त्या वाक्याचा मला आजही विसर पडत नाही. तो करार मी त्याच आठवड्यात मोडला. तेव्हापासून कोणताही मजकूर निघण्यापूर्वी यादीतील प्रत्येक नाव मी डोळ्यांखालून घालते, त्या घरी काय घडले आहे ते आठवते, आणि आठवत नसेल तर आधी फोन करून विचारते. यादी साडेचारशे नावांची आहे. दोन संध्याकाळी त्यात जातात, आणि त्या जाव्यातच.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि विकावयाचे काहीच उरले नाही. सगळ्या सहली रद्द, परताव्यांच्या विवंचनेत मी स्वतः बुडालेली. तरी वहीत दर गुरुवारी एक पत्र ठरलेले होते, ते मी चुकवले नाही. पूर्वी पाहिलेल्या हंपीविषयी लिहिले, नर्मदेच्या घाटांविषयी लिहिले, यात्रेकरूंनी काढलेली छायाचित्रे त्यांची परवानगी घेऊन जोडली. माणसे उलट उत्तरे लिहीत, आपापल्या जुन्या प्रवासांच्या आठवणी कळवीत. सहली बंद होत्या त्या दीड वर्षातील उत्तरांची मी एक स्वतंत्र फाईल करून ठेवली आहे.

या वर्षीची वही पाडव्याला, २२ ऑक्टोबरला उघडली. वसंत पंचमी २३ जानेवारीला, महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला. दोन्ही पानांवर खुणेचे दोरे घातले आहेत. घरी बसून हा व्यवसाय करणाऱ्या माझ्या भगिनींना माझे एवढेच सांगणे, की अशी एक वही त्यांनी अवश्य घालावी आणि तिच्यात सहलींच्या आधी माणसांची नावे लिहावीत. केदारनाथाच्या पानावर आजवर अकरा नावे चढली आहेत. त्यांतले सातवे काकूंचे आहे. माघाची वाट न पाहता गेल्या सोमवारपासून त्या पहाटे बाहेर पडतात, आणि अजिंक्यताऱ्याच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन येतात.