उपासाला चालतं, त्याला चालत नाही

आषाढी एकादशीला शाळाशाळांतून दिंड्या निघतात. कोणी विठोबा होतं, कोणी रखुमाई, बाकीचे टाळ वाजवत मैदानाला फेरी घालतात आणि मग वर्गात येऊन डबे उघडतात. त्या दिवशी डब्यांत फारसा फरक नसतो. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा लाडू, वऱ्याचे तांदूळ आणि त्यावर दाण्याची आमटी. चौथीतल्या माझ्या भाच्यासाठी वर्षातला सगळ्यांत अवघड दिवस तो. त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे.

मराठी घरात दाण्याच्या कुटाचा डबा मिठाशेजारीच असतो. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, दोडक्याची भाजी, कुठेही चमचाभर कूट पडतं आणि घालणारीला ते नंतर आठवतही नाही. विचारलं तर ती खुशाल सांगते, "नाही हो, यात दाणे नाहीत." ती खोटं बोलत नसते, दाणे खरोखरच दिसत नसतात. म्हणून भाचा आता "दाणे आहेत का?" असं विचारत नाही. "कूट घातलंय का मावशी?" असं विचारतो. नऊ वर्षांच्या मुलाला पाककृतीची उलटतपासणी इतकी नीट जमावी याचं कौतुक वाटतं आणि वाईटही.

त्याच्या शरीरात घडतं ते असं. शेंगदाण्यातल्या प्रथिनांना त्याची रोगप्रतिकारशक्ती शत्रू समजते. त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं आधीच तयार असतात. कण पोटात गेला की काही पेशी हिस्टामिनसारखी रसायनं एकदम सोडतात. अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. आणि कधी कधी गोष्ट तिथे थांबत नाही: श्वासनलिका आवळते, रक्तदाब कोसळतो. या टोकाच्या अवस्थेला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1902 साली तिचं वर्णन केलं आणि रिशेंना 1913चं नोबेल मिळालं. तिच्यावरचा पहिला उपाय म्हणजे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, तेही तातडीने. खाजेची गोळी देऊन वाट बघण्याची ही वेळ नव्हे. परदेशात पालक नुसतं टेकवलं की टोचलं जाणारं तयार पेन दप्तरात ठेवतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. माझी बहीण डॉक्टरांकडून शिकून घेऊन ॲम्प्यूल आणि सिरिंज बाळगते, आणि ती वापरायची वेळ न येवो म्हणून रोज देवापुढे दिवा लावते.

"आमच्या वेळी नव्हती बाई ही असली खुळं," असं वडीलधारी माणसं म्हणतात, तेव्हा ती अगदीच चुकीचं बोलत नसतात. काही देशांतल्या शाळकरी मुलांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात हाँगकाँगच्या मुलांमध्ये अन्नाच्या अ‍ॅलर्जीचं प्रमाण 1.5 टक्के होतं, तर आपल्या शेजारच्या कर्नाटकात 0.14 टक्के. सातशे मुलांमागे एक. इतकं विरळ असणं ही चांगलीच बातमी आहे, पण त्या एका मुलाला ती महागात पडते. चाळीस जणांच्या वर्गात त्याच्यासारखं दुसरं कोणी नसतं. बाईंनी असं मूल आधी पाहिलेलं नसतं. मैत्रिणीच्या आईला ते लाडावलेलं वाटतं. आणि मग तो प्रसिद्ध प्रश्न येतो: "एवढंसं खाल्लं तर काय होतंय?"

हा प्रश्न मला सारखा छळतो, कारण दुसऱ्या एका बाबतीत आपण तो चुकूनही विचारत नाही. गुरुवार आहे म्हटलं की कोणी पुढे काही बोलत नाही. चतुर्थीला आलेल्या पाहुण्यासाठी वेगळा पदार्थ होतो आणि तो करताना यजमानाला त्रास झाला असं कोणी मानत नाही. वर्गातल्या जैन मुलाच्या डब्यात कांदा-लसूण नसतो, आणि तो दुसऱ्याच्या भाजीला हात लावत नाही याचा कोणाला राग येत नाही. आपल्या आज्यांना तर हे शास्त्र मुखोद्गत होतं. उपासाच्या खिचडीत आमटीचा डाव बुडाला तर त्या ती खिचडी बाजूला काढायच्या. "नुसता डावच लागला ना!" ही सबब त्यांच्यापुढे चालत नसे. अ‍ॅलर्जीवाल्या मुलाची आई नेमकी तीच मागणी करते: डाव वेगळा, कढई वेगळी, तेल वेगळं. देवासाठी सांभाळायचं असतं तेव्हा आपल्याला ते शिष्टाचारासारखं सहज येतं. देहासाठी सांभाळायचं म्हटलं की चोचले वाटतात.

याचं एक कारण आपल्या आग्रहात आहे. पाहुणा पोटभर जेवला तरच घरच्या बाईचं समाधान. त्याने ताट आडवं केलं की तिला ते थेट लागतं. शाळेतही आपण मुलांना वाटून खायला शिकवतो आणि ते योग्यच आहे. गोकुळाष्टमीचा काला हा त्या शिकवणीचा कळस. सगळ्या गवळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र, कोणाचं काय ते ओळखूच येऊ नये, पेंद्याचं आणि कृष्णाचं एकाच हाताने उचलावं. यापेक्षा सुंदर कल्पना मला माहीत नाही. पण काय कुठून आलं ते कळू नये हाच काल्याचा गुण माझ्या बहिणीला रात्रभर जागं ठेवतो. संक्रांतीलाही तेच. तिळगुळाच्या वडीत तिळाबरोबर दाणे असतातच, आणि "तिळगूळ घ्या" म्हणणाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे भांडणाला निमंत्रण.

मग त्याला वेगळं बसवावं का? काही देशांतल्या शाळांत अशा मुलांसाठी वेगळं टेबल असतं. सोय म्हणून ते समजू शकतं. पण ज्या मातीत शतकानुशतकं माणसांना पंगतीतून उठवलं गेलं, त्या मातीत "तू तिकडे बसून खा" हे वाक्य साधं राहत नाही, मग ते कितीही मायेने म्हटलेलं असो. मूल त्यातलं कारण विसरतं आणि जागा लक्षात ठेवतं.

कॅनडातल्या ओंटारिओमध्ये 2003 साली सॅब्रिना शॅनन ही तेरा वर्षांची मुलगी शाळेच्या कँटीनमधल्या बटाट्याच्या तळलेल्या कापांनी गेली. तिला दुधाचीही अ‍ॅलर्जी होती. काप वाढायच्या चिमट्याला चीज लागलेलं असावं असा निष्कर्ष निघाला. तिच्या नावाचा कायदा 2005 साली झाला. अशा प्रत्येक मुलासाठी शाळेत लेखी आराखडा आणि शिक्षकांना प्रशिक्षण त्याने बंधनकारक केलं. तो चिमटा आणि आमच्या आजीचा डाव यांची जात एकच.

आपल्याकडे पाकीटबंद खाद्यपदार्थांवर शेंगदाणा, दूध, अंडी, सोयाबीन यांसारख्या घटकांची नोंद करावी लागते. घरच्या लाडवावर असं काही छापलेलं नसतं. त्यामुळे जबाबदारी करणाऱ्यावर येते, आणि ती पेलायला फार काही लागत नाही. भाच्याच्या बाईंनी वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत एवढंच सांगितलं की वाढदिवसाला खाऊऐवजी पेन्सिली किंवा खोडरबर आणा, आणि सणाचा खाऊ वाटायचा असेल तर आदल्या दिवशी काय काय घातलंय ते चिठ्ठीवर लिहून द्या. कुरकूर झाली. "एकासाठी चाळीस जणांनी का?" असंही कोणी म्हणालं. पण चिठ्ठ्या येऊ लागल्या तशी इतर घरांची पथ्यंही बाहेर पडली: एकाला अंडं चालत नव्हतं, एकीला दूध पचत नव्हतं, एकाच्या घरी मध वर्ज्य होता. ही मुलं आजवर "आवडत नाही" असं सांगून वेळ मारून नेत होती.

यंदाच्या एकादशीला वर्गासाठी खिचडी एकाच घरून आली. कूट नाही, ओलं खोबरं, बटाटा, जिरं, मिरची. दाण्याशिवाय खिचडी म्हणजे अळणी कीर्तन, असं माझ्या आईचं मत आहे आणि चवीच्या बाबतीत मी तिच्याच बाजूने आहे. पण आग्रहाचं आपण जे एवढं मोठं शास्त्र करून ठेवलंय, त्यात एक कलम वाढवायला हरकत नाही. वाढण्याआधी समोरच्याला काय चालतं ते विचारावं आणि मग हवा तेवढा आग्रह करावा. नाही म्हणणारा रुसून गेलेला नसतो. तो पंगतीतच बसलेला असतो, आणि त्याच्या पानात काहीतरी पडायला हवं.