मॉरिस, मिस बील आणि रमाबाईंचा क्रूस

पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्तीपणाची मराठीतील चर्चा बहुधा 'धर्मांतर' या शब्दापाशीच अडते. त्यांनी कोणता ख्रिस्ती विचार स्वीकारला आणि कोणता नाकारला, हा प्रश्न मागे राहतो. त्याचा माग घेताना फ्रेडरिक डेनिसन मॉरिस (१८०५–१८७२) या अँग्लिकन धर्मचिंतकापर्यंत जावे लागते.

युनिटेरियन धर्मोपदेशकाचा हा मुलगा १८३१ मध्ये अँग्लिकन झाला. ख्रिस्ताचे राज्य मरणोत्तर नसून ते आजही आहे; मनुष्यांतील बंधुत्व निर्माण करावयाचे नसते, ओळखावयाचे असते; स्पर्धेवर उभा असलेला समाज तेच नाकारतो, ही त्यांची धारणा. १८४८ च्या ख्रिस्ती समाजवादाचे मूळ तीत आहे. अनंत नरकयातनांची रूढ कल्पना नाकारल्यामुळे १८५३ मध्ये त्यांचे किंग्ज कॉलेजातील प्राध्यापकपद गेले. पुढल्याच वर्षी त्यांनी श्रमिकांसाठी कॉलेज काढले.

१८४८ मध्येच त्यांच्या पुढाकाराने लंडनला स्त्रियांसाठी क्वीन्स कॉलेज निघाले. डोरोथिया बील तेथे शिकल्या, तेथेच शिकवू लागल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या प्राचार्या झाल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई त्यांच्याकडे राहिल्या. याला 'प्रभाव' म्हणणे घाईचे होईल. फार तर वातावरण म्हणावे. पण त्या वातावरणात शंका हे पाप नव्हते. सिस्टर जेराल्डीन आज्ञापालन मागत. मिस बील प्रश्नांना उत्तरे देत. एका पुरोहितवर्गाचे जू नुकतेच झुगारणारी स्त्री दुसऱ्याचे जू मानेवर का घेईल, हा रमाबाईंचा युक्तिवाद या पत्रव्यवहाराचा कणा आहे.

क्रूसावरील लॅटिन अक्षरांचा वाद वरवर क्षुल्लक दिसतो. भारतीय भगिनींना न कळणारी लॅटिन कशाला, संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. मुक्तीची भाषा कोणाची, हाच तो प्रश्न. संस्कृतही कोणाची, हे तेव्हा त्यांनी विचारले नाही.

रमाबाईंना मॉरिसच्या चौकटीत बसवणे मात्र सोपे नाही. त्याच पुणे जिल्ह्यात, भोर संस्थानातील नसरापूरला पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनचे केंद्र होते. या मिशनचा भर सुवार्ताप्रसारावर होता. केडगावही १९०५ च्या पुनरुज्जीवनात त्या भावधारेच्या जवळ गेले. त्याच 'मुक्ती'त दुष्काळातून आणलेल्या मुली शेती, विणकाम, छपाई शिकत होत्या. तेथेच रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या भाषांतरात त्यांनी कटाक्षाने टाळले ते संस्कृतप्रचुर शब्द.