हळदीचा हात

अल्मोड्याच्या बाजारात थंडी फरसबंदी दगडांतून उगवते आणि तळपायांतून वर चढत जाते. दुपार होती तरी उन्हाला धार नव्हती, देवदारांच्या आडून ते जेमतेम गुडघ्यापर्यंत येत होतं. बालमिठाईच्या दुकानात एका म्हाताऱ्याला मी विचारलं, इथलं, अगदी इथल्या घरात शिजतं ते खायला कुठं मिळेल? त्यानं काही न बोलता शेजारच्या अरुंद जिन्याकडे बोट केलं. जिना उतरल्यावर चार बाकांची खोली, धुरानं काळवंडलेलं छत, ताटात मंडुव्याची, म्हणजे नाचणीची सावळी रोटी, आणि वाटीत दाट, मातकट, वाफाळती गहतची डाळ. पहिला घास जिभेवर आला, टाळूला लागला, त्याचा तो किंचित तुरट, उन्हात तापलेल्या ढेकळासारखा वास नाकात भरला, आणि खोली, जिना, देवदार, पलीकडचे बर्फाचे डोंगर सगळं हळूहळू पुसट झालं.

मी येवल्याला होते.

हुलगा. अल्मोड्यात त्याला गहत म्हणतात, कोकणात कुळीथ, आणि माझी आत्या नुसतं 'हुलगं' म्हणायची, घरातल्या धाकट्या पोराला हाक मारावी तसं. जिथं माती हलकी, खडे जास्त आणि पाणी जपून वापरायचं, तिथं हा दाणा रुजतो, डोंगराच्या उतारावर तसाच आणि येवल्याच्या कोरड्या माळावरही तसाच. आमच्याच जिल्ह्यात इगतपुरीला पाऊस धो धो कोसळतो, आणि येवल्यापर्यंत पोहोचता पोहोचता त्या ढगांच्या ओंजळी रित्या होतात. मग शेतात बाजरी, मठ, हुलगा. अल्मोड्याच्या त्या खोलीत वाढणाऱ्या बाईनं सांगितलं, ही डाळ थंडीत अंगात ऊब धरते, आणि मुतखड्यावर चांगली. आत्याही हेच सांगायची, याच क्रमानं. त्या दोघींना एकमेकींचं गाव कधी ऐकूनही ठाऊक नसेल.

आत्याचं घर जुन्या गावात होतं. गल्लीत शिरलं की आधी आवाज यायचा. खट्, मग एक श्वास, पुन्हा खट्. घराघरांतून माग चालायचे, आणि ती खट्खट् एका घराची संपून दुसऱ्याची सुरू व्हायच्या आत गल्लीला लसणाच्या फोडणीचा वास लागायचा. बाहेरच्या खोलीत खड्ड्यात पाय सोडून मामा, म्हणजे आत्याचे यजमान, पैठणीच्या पदरावर वाकलेले असायचे. त्यांच्यासमोर रंगीत रेशमाच्या बारीक कांड्यांची रांग लोंबत असायची, आणि त्यांतून दिवसभरात एका मोराची जेमतेम मान वर यायची. आतल्या खोलीत चूल. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक उंबरा होता. त्या उंबऱ्याला माझ्या बालपणात देवघराइतकं महत्त्व होतं.

कारण हळदीचा हात मागाला लागता कामा नये. रेशमावर पडलेला तेलाचा ठिपका कितीही धुतला तरी जात नाही, आणि महिनोन् महिने विणलेल्या लुगड्याची किंमत त्या एका ठिपक्यानं उतरते. म्हणून जेवण झालं की आत्या हातांवर पाणी घालायची, डाळीचं पीठ चोळायची, पुन्हा पाणी घालायची, आणि मग आमचे तळवे नाकाशी नेऊन हुंगायची. वास आला तर परत धुवा. मामांचेही हात ती असेच हुंगायची. दिवसभर अबोल असणारा तो माणूस त्या क्षणी हात पुढे करून लहान मुलासारखा उभा राही. त्या दोघांमधली माया मी कधी शब्दांत ऐकली नाही. ती मी एवढीच पाहिली.

थंडीतल्या संध्याकाळी शेंगोळे व्हायचे. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं, मीठ वाटून घातलेलं, थोडं गव्हाचं पीठ, आणि ते घट्ट मळलेलं. आत्या गोळ्यातला एक तुकडा तोडायची, दोन तळव्यांमध्ये धरून वळायची, तो लांबत जायचा, बारीक होत जायचा, मग त्याची दोन टोकं जुळवून ती कडं ताटात ठेवायची. चुलीवरच्या पातेल्यात लसणाच्या फोडणीचं पाणी खळखळत असायचं. एकेक कडं त्यात उतरलं की पाणी हळूहळू दाट होई, विटकरी होई, आणि घराला मातीच्या भिंतींसकट भूक लागल्यासारखं वाटे. माझं लक्ष मात्र तिच्या तळव्यांकडे असायचं. सकाळी त्याच तळव्यांनी तिनं रेशमाचा गुंता उकललेला असायचा, तुटलेल्या तारेची टोकं चिमटीत धरून, जिभेनं ओलावून, पीळ देऊन जोडलेली असायची. संध्याकाळी पीठ वळतानाही तिच्या बोटांची चाल तीच. टोक शोधायचं, पीळ द्यायचा, जोडायचं. तिला त्यात काही विशेष वाटत नसे. मला अजून वाटतं.

ताटात शेंगोळे, त्यांवर कच्च्या तेलाची धार, बुक्कीनं फोडलेला कांदा, बाजरीची भाकरी. बस्स.

पैठणी घ्यायला येवल्याला जाणारे लोक मला विचारतात, तिथं जेवायला कुठं चांगलं? विंचूर चौफुलीवर उतरलात की खायला पुष्कळ मिळेल, मनमाडकडून, नगरकडून, नाशिककडून येणाऱ्या वाटा तिथं एकमेकींना भेटतात, आणि वाटांना भूक असतेच. तिखट रश्शाची मिसळ मिळेल, शेवभाजी मिळेल. आठवडे बाजाराच्या दिवशी गेलात तर भत्त्याचे ढीग दिसतील, तळलेल्या मिरच्या, गुळात घोळलेली गोडी शेव, कागदाच्या पुड्यात घेतली की बोटांना चिकटणारी. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत बाजाराच्या आवारातून वारा आला की न चिरलेल्या कांद्यानंही डोळे भरून येतात. नवरात्रात कोटमगावच्या जगदंबेपाशी नऊ दिवस घटी बसलेल्या बायका असतात, आणि घराघरांत भगर आणि शेंगदाण्याची आमटी. हे सारं खरंच चांगलं आहे, आणि मी ते आनंदानं सांगते. पण सांगताना मनात दुसराच पत्ता असतो, आणि तो कुणाला देता येत नाही.

संक्रांतीत गेलात तर मात्र गावच वर दिसेल. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस येवलं जमिनीवर राहतच नाही. अख्खं घर धाब्यावर, गच्चीवर चढतं, आजीपासून रांगत्या पोरापर्यंत, आणि आकाश पतंगांनी इतकं भरतं की उन्हालाही रंग चढतात. बांबूच्या कामट्यांची आसारी पोटाशी घेऊन पोरं मांजा सोडतात, गोळा करतात, हलगी वाजत असते, पतंग कटला की गल्लीवरून गल्लीवर आरोळी जाते. आत्या डोक्यावर टोपलं घेऊन शिडीनं वर यायची. टोपल्यात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, लोणी, आणि भोगीची भाजी, ओले हरभरे, वालाच्या शेंगा, गाजर, बोरं, वांगं, उसाचे करवे, सगळं एकमेकांत मुरलेलं. शेजारच्या धाब्यावरून कुणी हाक मारायचं, कठड्यावरून वाटी पलीकडे जायची, दुसरी अलीकडे यायची. मांजानं कापलेल्या बोटांना तिखट झोंबायचं. डोळे आकाशात, हात ताटात. त्या दिवशी हात कुणी हुंगत नसे. माग बंद असत.

वाटीचं हे येणं-जाणं आठवलं की मला याच गावातली एक तारीख आठवते. १३ ऑक्टोबर १९३५. महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन आठ वर्षं झाली होती, नाशिकच्या काळारामाच्या बंद दारापुढं पाच वर्षं गेली होती, आणि येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. कुठल्याही गावी काय चांगलं खायला मिळतं हे विचारताना त्या गावात कुणाच्या हातचं कोण खात नव्हतं, कुणाची वाटी कुठल्या कठड्यावरून कधीच पलीकडे गेली नाही, हेही मनात ठेवायला हवं. मी ते फार उशिरा मनात आणलं. एका ऑक्टोबरात त्या परिषदेच्या जागी, मुक्तिभूमीवर गेले होते. दुरून आलेली माणसं सावली बघून बसली होती, फडकी सुटत होती. एका पांढऱ्या लुगड्यातल्या म्हातारीनं भाकरी मोडली, तिच्यावर ठेच्याची गोळी ठेवली आणि ओळख ना पाळख, माझ्यापुढं धरली. "खाय माय. लांबून आली दिसती."

ती भाकरी गार होती, कडेला थोडी वातड झालेली. तिची चव मी अजून कुठल्याच चवीशेजारी ठेवू शकलेले नाही.

अल्मोड्याहून परतल्यावर येवल्याला गेले. आत्या जाऊन बरीच वर्षं झालीत, मामाही नाहीत. माग आहे. आतेभाऊ त्यावर बसतो, आणि दुसऱ्या खोलीत आता गॅसची शेगडी आहे. उंबरा तोच, मध्ये झिजून खोलगट झालेला. दिवेलागणीला पोहोचले तर वहिनींनी परातीत पीठ मळून ठेवलेलं. "तुम्ही येणार म्हटल्यावर दुसरं काय करणार?" म्हणत त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. "वळा चार, ताई." मी तुकडा तोडला, तळव्यांत धरला. पीठ लांबत गेलं, बारीक होत गेलं, टोकं जुळली. बाहेर अंधार उतरत होता, आणि भिंतीपलीकडे फणीचा ठोका पडत होता, खट्, मग एक श्वास, पुन्हा खट्.

जेवण झाल्यावर पदर बघायला मी उंबऱ्याकडे निघाले. वहिनींनी हातांवर पाणी घातलं, पीठ चोळलं, पुन्हा पाणी घातलं. मग माझी बोटं धरून नाकाशी नेली.

"लसूण येतोय अजून," त्या म्हणाल्या. "परत धुवा."

तांब्या त्यांनी पुढं केला होता. मी मूठ मिटून घेतली आणि उंबऱ्याच्या अलीकडेच उभी राहिले.