गंज

चेन्नईत आमच्या घराजवळच समुद्र. खारा वारा गाडीलाही सोडत नाही. बाबांची जुनी मारुती अजून पहिल्या चावीला सुरू होते, पण डाव्या सीटखालचा पत्रा सडलाय. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर टोचला, तो आरपार गेला. ‘तुरु,’ तो म्हणाला. तमिळमध्ये गंज.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीएवढा. नुसता रंग मारून तात्पुरतं भागलं असतं, पण रंगाखाली गंज पसरतच राहतो. 15 वर्षांनंतर वाढवून मिळालेली नोंदणी 5 वर्षांची. त्यातली दोनच उरलीत.

तरी सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायला सांगितलं. त्या सीटवर आई बसते. दारावरचे फोड मात्र राहू दिले. बाबांनी आधी दारच केलं असतं, लोक बघतात म्हणून.