दोन सूत

निर्मल जिल्ह्यातल्या मुधोळच्या बाजारात चाचांचं शिलाईचं दुकान आहे. बुरखे शिवण्यात त्यांची हयात गेली. काळ्या कापडाबद्दल मला जे कळतं, ते त्यांच्या मशीनसमोरच्या बाकावर बसून कळलेलं आहे.

मला डार्थ व्हेडरचा वेष करायचा होता. हैदराबादला शिकत असताना वसतिगृहातल्या मित्राच्या लॅपटॉपवर 1977 सालचा ‘स्टार वॉर्स’ पाहिला. पांढऱ्याशुभ्र बोळात धूर भरतो आणि त्यातून तो काळाकभिन्न माणूस चालत येतो. चेहरा दिसत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. हैदराबादेत 2013 पासून कॉमिक कॉन भरू लागलं होतं, आवडत्या पात्राचा वेष करून पोरं तिथे येतात. एकदा तरी तसं जायचं, हे मनाने घेतलं. पण तयार वेष मागवायचा तर माझे कित्येक पगार गेले असते. शिक्षण संपवून मी गावी परतलो होतो आणि एका दुकानात हिशेब लिहीत होतो. मग ठरवलं, महिन्याला 300 रुपये बाजूला टाकायचे आणि जमेल तसा एकेक भाग करायचा. 14 महिने लागले.

सुरुवात मुखवट्यापासून केली. थर्माकोल कोरून, घासून चेहरा उभा केला. दिवाळीच्या सुट्टीत रात्री जागून केलेलं काम. वरून काळा स्प्रे मारला आणि सकाळी पाहतो तर गाल आत गेलेले, नाकाच्या जागी भोक. स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल खातं, हे मला कुठे ठाऊक! त्या महिन्याचे पैसे तर गेलेच, उमेदही गेली.

पुढच्या रविवारी कामासाठी भैंशावरून निर्मलला गेलो होतो. निर्मलची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची ती करतात. तिथल्या एका कारागिराच्या ओट्यावर मी सहज टेकलो आणि माझं दुःख सांगून बसलो. त्यांनी हातातला अर्धवट मोर खाली ठेवला. लाकडाचे तुकडे कशाने जोडतात, वरचा गुळगुळीत थर कशाने देतात, हे एका वाटीत बोट बुडवून दाखवलं. तेलुगूत म्हणाले, “चिंतगिंजलु.” चिंचोके! भाजून, साल काढून, भिजवून वाटलेल्या चिंचोक्यांची शिजवलेली खळ आणि त्यात लाकडाचा भुसा. “एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा लावू नका,” एवढंच त्यांनी बजावलं आणि पिशवीभर भुसा बांधून दिला. त्यांचं नावही मी विचारलं नाही. ही चूक मला अजून टोचते.

घरी आजीला चिंचोक्यांचं सांगितलं. ती म्हणाली, “काहून नाही चालणार? घोंगडीला खळ कशाची देतात मग?” लहानपणी तिने माहेरी मागावरच्या घोंगड्यांना खळ देताना पाहिलं होतं. गुडघे दुखत असतानाही पाट्यावर बसून तिने स्वतः चिंचोके वाटले. मेकॅनिकने टाकून दिलेलं मोटारसायकलचं हेल्मेट, फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणि त्यावर आजीच्या खळीचे सात थर. डोळ्यांना वेल्डरकडची काळी काच, तोंडाला चहाच्या गाळणीची जाळी. घरात आमची मराठी, बाजारात दखनी, कचेरीत तेलुगू. 1956 साली मुधोळ नांदेडमधून आदिलाबादेत गेलं, 2016 साली निर्मल जिल्ह्यात आलं. माझा मुखवटाही तिन्ही भाषांत वाळला.

याच सुमारास मी एक गोष्ट वाचली. ‘स्टार वॉर्स’चे वेषभूषाकार जॉन मोलो यांनी व्हेडरचा पहिला नमुना उभा केला तो लंडनच्या भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानात. मोटारसायकलवाल्याचा पोशाख, जर्मन लष्करी हेल्मेट, गॅसचा मुखवटा आणि धर्मगुरूचा झगा, असं वेगवेगळ्या खणांतून काढून त्यांनी एका अंगावर चढवलं. म्हणजे मूळ व्हेडरही जोडाजोडीचाच! याच मोलोंना पुढे ‘गांधी’ चित्रपटासाठी 1983 साली ऑस्कर मिळालं, तेही आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्यासोबत. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. हे वाचल्यावर माझ्या पुठ्ठ्याची मला कधी लाज वाटली नाही.

राहिला झगा. मी स्वस्तातलं पॉपलीन घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी ते चिमटीत धरून सोडलं आणि मान हलवली. “बेटा, कपडा गिरता कैसा, वो पहले देखना.” पॉपलीन ताठ उभं राहतं, चालताना मागे वाहत नाही. त्यांनी बुरख्याचं निदा कापड काढलं, उरलेल्या ठाणातलं, म्हणून कमी भावात दिलं. हा माणूस कोण, कुठल्या सिनेमातला, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की तो भराभर चालतो का सावकाश. मी दुकानात चालून दाखवलं. त्यावरून त्यांनी घेर ठरवला. शिलाईचे ठरलेले 150 रुपये त्यांनी मोजून घेतले, पण खांद्यावरची चुणी मनासारखी पडेना म्हणून झगा दोनदा उसवला आणि पुन्हा शिवला. ते रमजानचे दिवस होते, ईदच्या कपड्यांचा ढीग शेजारी पडलेला. मी म्हणालो, “चाचा, राहू द्या, कुणाला दिसणार?” ते सुईत दोरा ओवत राहिले.

बासर स्टेशनवरून रात्रीच्या गाडीने हैदराबादच्या कॉमिक कॉनला गेलो. मुखवटा आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. तिथे लोकांनी फोटो काढले, एका चिमुरडीने माझं बोट धरलं. मित्राने मागून व्हिडिओ घेतला. माझाच झगा मी पहिल्यांदा त्यात पाहिला. वाहत होता, अगदी पाण्यासारखा.

परतल्यावर मोबाइल घेऊन थेट दुकानात गेलो. चाचांनी चष्मा लावला. मुखवट्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. व्हिडिओ त्यांनी तीनदा लावायला सांगितला आणि तिन्ही वेळा खालची किनार पाहिली.

“सीधे हात की तरफ दो सूत ज्यादा रह गया,” ते म्हणाले. “लाना जरा.”

मी पिशवीतून झगा काढून त्यांच्या हातात दिला.