बारामती ते इंदापूर : ग्रहणगणिताचा पडताळा

पुण्याहून आग्नेयेस जातांना कऱ्हेच्या कांठीं बारामती लागतें आणि तेथून पूर्वेस सुमारें ५० किलोमीटरवर इंदापूर. बारामतीचें नांव मोरोपंतांमुळें महाराष्ट्रांत घरोघर पोंचलें. इंदापूरची कीर्ति निराळी आहे. प्रिंगलसाहेबांची आधींची मोजणी सदोष ठरल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांची नवी जमाबंदी १८३६ सालीं प्रथम याच तालुक्यांत अमलांत आली. माप चुकलें कीं सारा चुकतो, हा धडा या भूमीस जुनाच आहे.

ग्रहणाच्या गणिताचाहि असाच पडताळा घ्यावा म्हणून २५ ऑक्टोबर २०२२ च्या खंडग्रास सूर्यग्रहणास आम्हीं हीं दोन गांवें निवडलीं. २४ तारखेस लक्ष्मीपूजन, २६ तारखेस पाडवा व मधल्या दिवशीं ग्रहण, असा योग होता; घरांत मंडळी भरलेली. वेधांच्या वेळेवर वडील माणसांचें जेवण व औषध अवलंबून. आणि एका पंचांगांत स्पर्शाची एक वेळ, दुसऱ्यांत दुसरी, तर मुलांच्या मोबाइलवर तिसरीच! खरी कोणती मानावी?

या घोटाळ्याचें कारण साधें होतें. चंद्रग्रहणांत चंद्र पृथ्वीच्या छायेंत शिरतो. तें जेथून दिसतें तेथें एकाच क्षणीं दिसतें. सूर्यग्रहणांत चंद्र आपल्या दृष्टीच्या आड येतो. म्हणून गांव बदललें कीं वेळ बदलते. मुंबईची वेळ इंदापुरास लावून चालावयाचें नाहीं.

आमची एक तुकडी बारामतीस राहिली, दुसरी एस्. टी.नें इंदापुरास गेली. दोहोंकडे लहान दुर्बीण, पांढरा कागद व उपग्रहांवरून जुळविलेलें घड्याळ. दुर्बिणीस कोणीं डोळा लावावयाचा नाहीं, प्रतिमा कागदावरच पाडावयाची, हा दंडक. सॉफ्टवेअरनें सांगितलें होतें कीं, इंदापुरास स्पर्श किंचित् उशिरां, परंतु सूर्यास्त मात्र सुमारें पावणेदोन मिनिटें आधीं. म्हणजे इंदापूरकरांस ग्रहण दोन्ही टोंकांकडून आंखूड. तसेंच घडलें. पहिली खांच दोन्ही ठिकाणीं गणितानंतर कांहीं सेकंदांनीं दिसली. पण तो गणिताचा दोष नव्हे. बिंबास बिंब नुसतें टेकतें तो क्षण नजरेस येत नाहीं. खांच थोडी वाढावी लागते. मोक्ष पाहण्याचा प्रश्नच नव्हता. सूर्य ग्रस्त असतांच उंसाच्या फडांमागें गेला.

मग हीं सॉफ्टवेअरें कोठें चुकूं शकतात? गांवाचे अक्षांश-रेखांश ढोबळ घेतले तर. पृथ्वीच्या भ्रमणाचा वेग किंचित् बदलतो. त्यासाठीं करावयाची दुरुस्ती, जी सध्यां सुमारें ६९ सेकंदांची आहे, जुनीच राहिली तर. आणि चंद्राची कडा गुळगुळीत मानली तर. कारण तेथील डोंगर-दऱ्यांमुळें खग्रासाच्या वेळेंत एक-दोन सेकंदांचा फरक पडतो. सूर्यास्ताची वेळ तर सेकंदापर्यंत कोणासच सांगवत नाहीं. क्षितिजाजवळ हवेंत किरण वांकतात.

हा मुलूख या परीक्षेस नवा नाहीं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोंकणांतून चढून इकडे आला होता. इंदापुराहून जवळच, भीमेपलीकडे जेऊर येथें अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल व पुण्याचे कावसजी नायगमवाला यांनीं आपले तळ दिले. भर दुपारच्या सुमारें दोन मिनिटांच्या काळोखासाठीं समुद्र ओलांडून येणें, हा गणितावरील केवढा विश्वास! आपल्याकडेहि ग्रहलाघवाचें गणित आकाशाशीं जुळेना, तेव्हां केरोपंत छत्रे यांनीं १८६५ पासून नव्या गणिताचें पंचांग चालू केलें. तेंच पुढें पटवर्धनी म्हणून प्रसिद्ध झालें. आकाशांत दिसेल तेंच प्रमाण, या दृक्प्रत्ययाच्या आग्रहापायीं त्यांनीं लोकांचा रोषहि पत्करला.

आमच्या घरीं त्या दिवशीं वडील मंडळींनीं बारामतीची वेळ प्रमाण मानिली व आजाऱ्यांस औषधाबरोबर अन्न दिलें. बाल, वृद्ध व आतुर यांस शास्त्रानेंच सवलत दिलेली आहे.

आतां २ ऑगस्ट २०२७ रोजीं, दिव्यांच्या अंवसेस, दुपारनंतर महाराष्ट्रांत पुन्हा खंडग्रास सूर्यग्रहण आहे. दिवस पावसाळ्याचे, तरी हा भाग पर्जन्यछायेंतला असल्यानें घाटमाथ्यापेक्षां येथें आकाश उघडें मिळण्याची आशा अधिक. वाचकांनीं आपल्या गांवाचे अक्षांश-रेखांश घालून वेळ काढावी, कागद व घड्याळ घेऊन मुलांना अंगणांत बसवावें, आणि दिसेल ती वेळ पंचांगाच्या समासांत टिपून ठेवावी.